कॅमेऱ्याला हार

स्क्रीनवर झेंडू होता. नुसता झेंडू. केशरी, भरगच्च, पाकळ्या वेगवेगळ्या दिसाव्यात इतक्या जवळून.

"बघा, वकील मॅडम," निरीक्षक हिंगमिरे मॉनिटर माझ्याकडे वळवत म्हणाले, "आमच्याकडे लपवाछपवी नाही. ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरचा कॅमेरा, खंडेनवमीची सकाळ. जेवढा वेळ बघायचंय तेवढा वेळ बघा. चहा सांगू?"

"सांगा. आणि जरा मागे घ्या."

त्यांनी मागे घेतलं. झेंडू गेला आणि ठाण्याचा पुढचा हॉल दिसू लागला. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर रायफली, बेड्या, काठ्या, बिनतारी संच. सगळ्यांना हळदकुंकू लावून झालं होतं. मग चित्रात एक स्टूल आलं. स्टुलावर हवालदार पांढरे चढले. त्यांचा चेहरा एवढा जवळ आला, की मिशीतले पांढरे केस दिसले. त्यांनी बोट कुंकवात बुडवून कॅमेऱ्याच्या डोक्यावर टेकवलं, डोळे मिटून नमस्कार केला आणि हार घातला. त्यानंतर झेंडू.

"पांढरे भाविक माणूस आहे," हिंगमिरे म्हणाले. "जीप झाली, कॉम्प्युटर झाला, झेरॉक्स मशीन झालं. कॅमेरा तेवढा उपाशी का ठेवायचा? यंत्रच की ते."

त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. हिंगमिरे मोठे गोड माणूस होते. खैरदऱ्यात बदलून आल्यापासून त्यांनी कुणाला अरेतुरे केल्याचं ऐकिवात नव्हतं. वकिलांना उठून खुर्ची द्यायचे. नवरात्रात देवीच्या देवळात आरतीला उभे राहिले, की बाया त्यांचा आवाज ऐकायला मागे थांबायच्या.

"झेंडू कधी निघाला?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. सुकल्यावर."

म्हणजे ज्या दहा-पंधरा मिनिटांसाठी मी आले होते, ती सगळी झेंडूत होती.

त्या मिनिटांत काय झालं, याच्या दोन हकिगती होत्या. माझा पक्षकार निवृत्ती अवघडे हा तालुक्यातल्या सगळ्यांत जुन्या बँडचा मास्तर. क्लॅरनेट वाजवायचा. दसऱ्याच्या मिरवणुकीची परवानगी घ्यायला तो ठाण्यात गेला आणि उपनिरीक्षक कोळपेंनी त्याच्या डाव्या कानाखाली मारली, ही त्याची हकिगत. पोलिसांची हकिगत अशी, की अवघडेनं परवानगीवरून हुज्जत घातली, कोळपेंची कॉलर धरली आणि झटापटीत स्वतःच दारावर आपटला. कोळपेंनी त्याच्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदवला होता. सिद्ध झाला तर तुरुंग. सिद्ध झाला नाही तरी केस संपेपर्यंत बँडला एकाही मिरवणुकीची परवानगी मिळणार नव्हती, कारण परवानगी त्याच टेबलावरून निघायची.

हॉलमध्ये होते ते सगळे पोलीस होते. बाहेरचा साक्षीदार एकच, तो म्हणजे भिंतीवरचा कॅमेरा. आणि त्याच्या डोळ्यांवर फुलं.

"तुम्ही स्वतः होता का त्या वेळी?" मी विचारलं.

"मी? मी देवळात, बंदोबस्ताला. जबाबात तसं दिलंय. मी असतो तर हे झालंच नसतं." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "खरं सांगू का मॅडम, तुम्ही माझ्या धाकट्या बहिणीसारख्या. त्याला म्हणावं, एक माफीचा अर्ज दे. कोळपेही तरुण आहेत, त्यांना मी समजावतो. मिटवून टाकू. कलाकार माणूस आहे, कोर्टाच्या पायऱ्या कशाला झिजवायच्या त्यानं?"

मी चहा प्यायले. मॉनिटरवर झेंडू अजून चालूच होता. त्याच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, भोंग्याचं बारीक चित्र होतं आणि त्याच्यावर तिरकी लाल रेघ मारलेली होती.

ती रेघ मी दोनदा पाहिली. मग पर्स उचलली.

"विचारते त्याला," मी म्हणाले.

ठाण्याच्या फाटकापाशी आल्यावर पाय जरा भरभर पडायला लागले. आवाज बंद केलेला असेल, तर तो मुळात असायला हवा. बंद करायला तरी.

*

निवृत्ती माझ्या ऑफिसच्या बाकावर बसला होता. शेजारी त्यांच्या बँडचे ढोलवाले गुलाबमामा. निवृत्ती चाळिशीचा, सडपातळ. मामा त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, पण त्याला मास्तरच म्हणायचे, आणि मास्तर म्हणून झालं, की हवं ते सुनवायचे.

"काय दिसलं?" मामांनी विचारलं.

"झेंडू."

"आं?"

मी सांगितलं. मामा पोट धरून हसले. "म्हणजे देवानंच डोळं झाकलं म्हणा की."

"हवालदार पांढऱ्यांनी."

निवृत्ती हसला नाही. तो बोलताना उजवा कान पुढे करायचा, ही सवय त्याला नवीन लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की पडदा फाटलाय, तो भरून येईल. आतली शिट्टी जाईल की राहील, ते मात्र सांगता येणार नाही.

"वाजवून बघितलं का?" मी विचारलं.

"नाही."

"पेटीच उघडत नाही," मामा म्हणाले. "काल शेजारच्या गावी वास्तुशांतीला भाड्यानं माणूस आणला क्लॅरनेटला. मास्तर आपलं ड्रेस घालून पुढं पुढं चालतंय, हात हलवत. पुढाऱ्यागत."

"मामा."

"खोटं आहे का?"

निवृत्ती माझ्याकडे वळला. "मॅडम, वाजवायला बोटं लागत नाहीत. बोटं आपोआप चालतात. लागतो तो कान. आपला सूर खरा लागलाय का उतरलाय, ते आपल्याला कळलं पाहिजे. आता पेटी उघडली आणि मला ते कळलंच नाही, तर? त्यापेक्षा न उघडलेली बरी."



मी हिंगमिरेंचा निरोप सांगितला. माफीचा अर्ज, मग मिटवामिटवी. "देऊन टाकू का?" निवृत्ती म्हणाला. "लग्नसराई तोंडावर आलीय. बाकीच्यांची घरं बँडवर आहेत."

"कशाची माफी मागशील?" मामा म्हणाले. "कान आडवा आला म्हणून?"

"थांबा," मी म्हणाले. "त्या कॅमेऱ्यात आवाज असावा असं मला वाटतंय."

मला वाटलं होतं, तो उडी मारेल. त्याचा चेहरा उलट बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा.

"आवाज कशाला?" तो म्हणाला.

"कशाला म्हणजे? कोण काय बोललं ते कळेल. तू हुज्जत घातलीस की नाही ते कळेल."

"मारल्याचा आवाज म्हणजे फट्. तो कुणाच्या गालाचा, ते कसं कळणार? ते म्हणतील, मीच मारली."

मुद्दा बरोबर होता. पण तो मुद्द्यासाठी बोलत नव्हता, एवढं मला दिसत होतं. तो कोळपेंना घाबरतोय, असं मी त्या वेळी समजले.

"निवृत्ती, मला सगळं सांगितलंयस ना?"

"मारलं ते सांगितलं की."

"दुसरं काही झालं नाही?"

"नाही," तो म्हणाला आणि उजवा कान मागे घेतला.

*

ठाण्यांमधले कॅमेरे कोर्टाच्या आदेशानं बसले होते, आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला समिती नेमलेली होती. आमच्याकडे ती प्रांताधिकाऱ्यांच्या हॉलमध्ये बसायची. बसायची म्हणजे, तोवर बसली नव्हती. माझा अर्ज हा तिच्यापुढे आलेला पहिला. मी त्यात एवढंच मागितलं होतं, की रेकॉर्डिंगचं यंत्र जसंच्या तसं समितीसमोर आणावं आणि तोवर त्याला कुणी हात लावू नये. आवाजाचा उल्लेख मी मुद्दामच केला नव्हता. हिंगमिरेंनी हरकत घेतली नाही. झेंडूला कोण हरकत घेणार?

प्रांताधिकारी होत्या बोंद्रे मॅडम. पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर ठेवून शोधणाऱ्या. त्यांच्यासमोर टेबलावर यंत्र, भिंतीवर टीव्ही. एका बाजूला हिंगमिरे, कोळपे आणि हवालदार पांढरे. दुसऱ्या बाजूला मी आणि निवृत्ती. कोळपे तिशीच्या आतले, व्यायामाचं शरीर, खुर्चीत मावत नसल्यासारखे बसलेले.

आवारात आमचा अख्खा बँड उभा होता. लाल कोट, सोनेरी झुपके. दुपारी तीनला शेजारच्या गावी वरात होती. त्या गावाचं ठाणं वेगळं, म्हणून परवानगी मिळाली होती. इथून परस्पर जायचं म्हणून ते गाडीसकट आले होते. गाडी म्हणजे बँडवाल्यांची असते ती, ढकलायची, वर चारी बाजूंना भोंगे.

टीव्हीवर पांढऱ्यांचा चेहरा आला, तेव्हा बोंद्रे मॅडम पुढे झुकल्या. "हे कोण?"

"मी, मॅडम," पांढरे उठून म्हणाले.

"कॅमेऱ्याला नमस्कार करताय."

"पद्धत आहे, मॅडम. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. कॅमेरा नवीनच आला होता. पहिलीच खंडेनवमी त्याची."

"पहिली खंडेनवमी," मॅडम स्वतःशी म्हणाल्या. हार आला. झेंडू झाला. त्यांनी थोडा वेळ झेंडू पाहिला. "आता हेच आहे का पुढे?"

"दुसऱ्या दिवशीपर्यंत हेच आहे, मॅडम," हिंगमिरे म्हणाले. "आम्हालाही वाईट वाटतं. दिसलं असतं तर आमचीच बाजू खरी ठरली असती. पण भक्तीपुढे काय बोलणार?"

"रणपिसे वकील," बोंद्रे मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "फुलं छान आहेत. आणखी काय?"

"आवाज लावावा, मॅडम."

हिंगमिरे हसले. "आवाज नाही त्यात."

"आहे. बंद केलेला आहे. खाली कोपऱ्यात खूण आहे."

"बसवल्यापासून आम्ही कधी ऐकलेला नाही."

"ऐकलेला नाही आणि नाही, यात फरक आहे," मी म्हणाले.

"नसेल तर ऐकू येणार नाही," बोंद्रे मॅडम म्हणाल्या. "हरकत काय? लावा."

लाल रेघ काढली. शांतता. टीव्हीतून काहीच येईना. कार्यालयाच्या शिपायानं हॉलमधला स्पीकर आणला, तो झेंडावंदनाच्या भाषणातच गेला होता असं कळलं. हिंगमिरेंनी घड्याळ पाहिलं. कोळपे पहिल्यांदा खुर्चीत टेकून बसले.

खिडकीतून गुलाबमामांचं डोकं आत आलं. ते मघापासून तिथेच असावेत.

"आमच्या गाडीला जोडू का, साहेब? वायर आहे."

"मॅडम," हिंगमिरे म्हणाले, "बँडची गाडी? ही चौकशी आहे का वरात?"

"चौकशी आहे आणि सरकारकडे स्पीकर नाही," बोंद्रे मॅडम म्हणाल्या. "जोडा."

निवृत्तीनं माझ्या कोटाची बाही धरली. "मॅडम, नको."

"का?"

"राहू द्या. माफीचा अर्ज देतो मी. नका लावू."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो घामानं भिजला होता. गाडी ढकलत खिडकीशी आणेपर्यंत मला थांबवता आलं असतं. पक्षकाराचं ऐकायचं, की पक्षकाराच्या भल्याचं बघायचं, हे ठरवायला वकिलाला फार वेळ कधीच मिळत नाही. "नक्की नको?" मी हळूच विचारलं. "एकदा सांग. मी उठून थांबवते."

त्यानं खिडकीबाहेरच्या लाल कोटांकडे बघितलं. मग बाही सोडली.

वायर जेमतेम पोचली. गाडीचं तोंड मात्र आवाराकडे राहिलं, त्यामुळे हॉलमध्ये जे एका भोंग्यातून यायचं, ते बाहेर तिन्ही भोंग्यांतून जायचं. सातबाऱ्यासाठी, दाखल्यांसाठी आलेली माणसं झाडाखाली बसली होती. ती मान वळवून बघायला लागली.

खरखर झाली आणि मग भोंग्यातून हवालदार पांढऱ्यांचा आवाज आला, इतका मोठा की स्वतः पांढरे दचकले.

"साहेब, झेरॉक्स मशीनला पण लावू का कुंकू?"

"लावा की." हसरा, भरदार आवाज. "ठाण्यात सगळ्यांत जास्त काम तेच करतं."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. बोंद्रे मॅडमनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "हा आवाज कुणाचा?"

सांगायची गरज नव्हती. भोंग्यातून आता त्याच आवाजात देवीच्या आरतीची ओळ गुणगुणली जात होती, आणि तो आवाज खैरदऱ्यात प्रत्येकाच्या ओळखीचा होता. आवारातल्या एका बाईनं दुसरीला सांगितलेलं आम्हाला आत ऐकू आलं, "हिंगमिरे साहेब हायत."

"तुम्ही देवळात होता ना, बंदोबस्ताला?" बोंद्रे मॅडमनी विचारलं.

"नंतर गेलो असेन, मॅडम. सणाचा दिवस. वेळेचं तेवढं..."

"ऐकू या."

दार वाजलं. निवृत्तीचा आवाज, नम्र, थोडा घाईतला. "नमस्कार साहेब. मिरवणुकीच्या परवानगीवर सही राहिलीय."

"ये ये, वाजंत्री आले." हे कोळपे. "बरा आलास. आरती व्हायचीय. काढ पिपाणी."

"वाजवतो की साहेब. सही झाली की लगेच वाजवतो. पोरं चौकात खोळंबलीत."

"सही आधी? देवीच्या आरतीला अट घालतोस?"

"अट नाही साहेब. विनंती करतोय. तुमचीच देवी, आमचीच—"

फट्.

निवृत्तीनं सांगितलं होतं तसाच आवाज. पाठोपाठ लाकडी पेटी फरशीवर पडल्याचा. मग काहीच नाही. आवारातही काही नाही. झाडावरचे कावळे तेवढे.

कोळपे उठले. "मॅडम, हा आवाज कशाचाही असू शकतो. यानंच मला—"

"बसा," बोंद्रे मॅडम म्हणाल्या.

भोंगा खरखरत होता. मग तोच भरदार आवाज आला. आता गुणगुणणं थांबलेलं, पण गोडी तशीच.

"कोळपे, कॅमेरा आहे हो तिथं."

आणि पांढऱ्यांचा: "त्याला हार घातलाय, साहेब."

"दिसतंय का त्यातून?"

"नाही, साहेब. सरळ करू का हार?"

"असू दे. चांगला दिसतोय. आरती सुरू करा."

बोंद्रे मॅडमनी लिहायचं थांबवलं. हिंगमिरे टेबलावरच्या टोपीकडे बघत होते. मला त्या क्षणापर्यंत वाटत होतं, की या माणसाला फक्त आपल्या हाताखालच्याला वाचवायचंय. ठाण्यातला तो हार अगदी निर्मळ मनानं घातलेला होता. तो काढू नका, हे नंतर ठरलं.

मला वाटलं संपलं. मी उठायला लागले, तेवढ्यात भोंग्यातून कोळपे म्हणाले, "आता वाजव."

थोडा वेळ गेला. पेटीचा खटका उघडल्याचा आवाज. आणि क्लॅरनेट सुरू झालं.

निवृत्तीनं खाली मान घातली. आरती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजली. मध्येच सूर घसरत होता, सावरत होता, परत घसरत होता. टाळ्या पडत होत्या, घंटा वाजत होती, हिंगमिरेंचा आवाज सगळ्यांच्या वर लागलेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "पेढा द्या त्याला, कलाकाराला," आणि दोघंतिघं हसले.

"बंद करा," बोंद्रे मॅडम म्हणाल्या. मग निवृत्तीला: "तुमच्या जबाबात हे नाही. नंतर तुम्ही वाजवलंत, हे."

"नाही, मॅडम."

"का नाही सांगितलं?"

तो उभा राहिला. "मारलं ते सांगायची लाज वाटली नाही, मॅडम. मारणारा दुसरा होता. वाजवणारा मीच होतो."

बोंद्रे मॅडमनी पांढऱ्यांकडे पाहिलं. "तुम्ही स्टुलावर चढून तो हार काढू शकला असता."

"शकलो असतो, मॅडम."

"मग?"

पांढऱ्यांनी साहेबांकडे बघितलं नाही. "हार घालायला हुकूम लागत नाही, मॅडम. काढायला लागतो." जरा थांबून ते म्हणाले, "मारलं कोळपे साहेबांनी. मी समोर होतो. लिहून घ्या."

*

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यात झालंच नाही. यंत्राला सील लागलं. निवृत्तीवरची केस निघायला वर्षभर गेलं. कोळपे निलंबित झाले आणि दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यात कामावर परत आले. हिंगमिरेंची चौकशी लागली. ती चालू असतानाच ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला त्यांनी भजन म्हटलं आणि ते फार सुंदर झालं, असं तिथं असलेल्यांनी मला सांगितलं. आणि सरकारचं एक परिपत्रक निघालं. त्यात मारहाणीबद्दल नवीन काही नव्हतं, पण कॅमेऱ्याची पूजा करताना हार भिंगासमोर येणार नाही याची दक्षता घ्यावी, असं स्पष्ट लिहिलं होतं.

त्या दुपारी मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्ही हॉलमधून बाहेर आलो, तेव्हा आवार गप्प होतं. दाखल्यांसाठी आलेली माणसं निवृत्तीकडे बघत होती आणि त्यानं बघितलं की दुसरीकडे बघत होती. लाल कोटवाले गाडीभोवती उभे. कुणी वायर गुंडाळत होतं, कुणी उगाच झांजा पुसत होतं. त्यांच्या मास्तरानं मार खाऊन, मारणाऱ्याच्या टाळ्यांवर वाजवलेलं त्यांनी तिन्ही भोंग्यांतून ऐकलं होतं.

निवृत्ती पायरीवरच थांबला. पुढे जायचं त्याच्या जिवावर आलं होतं. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण जे सुचत होतं ते सगळं वकिली होतं.

गुलाबमामा ढोल गळ्यात अडकवत आले.

"मास्तर."

"बोला."

"अंतऱ्याला वरचा सा लागला नाही तुमचा."

एक झांजवाला म्हणाला, "मामा, ही काय वेळ आहे का?"

"तू गप. मी मास्तरांशी बोलतोय." मामा निवृत्तीच्या अगदी जवळ उभे राहिले, डाव्या कानाच्या बाजूला, मुद्दाम. "बोला की. लागला होता का?"

"नाही," निवृत्ती म्हणाला.

"किती उतरला होता?"

"बराच. अर्धा सूर तरी." त्यानं कपाळ चोळलं. "आणि परत येताना मध्यमावर घसरलो. दोन्ही वेळा. पहिल्या कडव्यात थोडा, दुसऱ्यात जास्त. भयंकर वाजलंय ते, मामा. तेव्हा मला यातलं काही कळलं नव्हतं. डोक्यात नुसती घंटा होती."

"आत्ता कळलं?"

"कळलं म्हणजे काय, अंगावर काटा—"

तो बोलता बोलता थांबला.

मामांनी ढोलाचा पट्टा आवळला. "वरात तीनला आहे," ते म्हणाले. "भाड्याच्या माणसाला नको म्हणून सांगू का?"